चार तारा एकदम

३ जुलै, गुरुवार. कराड

वही जानेवारीत घेतली आणि लिहायला आज बसलोय. मधले सहा महिने उद्यावर गेले. पहिल्या पानावर 'रोज लिहिणे' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. पुढं म्हसवडच्या गाड्यांच्या वेळा, विंचवावर लावायचा कसला तरी पाला, आणि एक घोडा. घोडा बरा जमलाय.

आज बसलो, कारण मयूरी म्हणाली, "नाथाजी, काय बदललंस ते टिपून ठेवत जा. उद्या दुसरं कुणी बघायला आलं तर त्याला कळायला हवं." तिला कामाची टिपणं म्हणायची होती. ती वेगळी लिहीन. ही माझी.

तर काम असं. 'जोडतार' नावाचं ॲप आहे. फोनवर तंबोरा वाजतो, त्याच्यासंगं गाणाऱ्यानं गायचं. आठ वर्षांपूर्वी पुष्कर नावाच्या माणसानं सांगलीत बसून ते केलं आणि सगळा कोड लोकांसाठी खुला ठेवला. कुणीही बघावा, दुरुस्त करावा, वापरावा. पुष्कर आता यातून उठून गेलाय, मेलला उत्तर देत नाही. सांभाळते मयूरी, साताऱ्यातून, आपली नोकरी बघून. तिच्या मागं आम्ही सात-आठ जण, सगळे हौशी, बहुतेकांनी एकमेकांचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही.

आता ॲपच्या दुकानाचा नियम आलाय : एकतीस ऑगस्टच्या आत नव्या पद्धतीनं बांधून द्या, नाहीतर नव्या फोनवर ॲप दिसणार नाही. आमची बांधणी आठ वर्षांची जुनी. मयूरीनं ग्रुपवर विचारलं, कोण घेतंय? दोन दिवस कुणी बोललं नाही. मग मी अंगठा टाकला.

का टाकला? मी तंत्रनिकेतन दुसऱ्या वर्षाला सोडलं. गलाईवाल्यांबरोबर कोइमतूरला सोनं गाळायला गेलो, सात महिन्यांत परत. ऊसतोडणीच्या मशीनवर एक हंगाम. मोबाईल दुरुस्ती, साताऱ्यात. एकही गोष्ट शेवटापर्यंत नेलेली नाही. ही न्यायची आहे. आणि दुसरं कारण मयूरी. इथं खोटं लिहून काय उपयोग?

६ जुलै, रविवार

मी राहतो फरदीनच्या बॅटरीच्या दुकानावरच्या माळ्यावर. खाली चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचा वास, वर मी आणि मयूरीनं दिलेला जुना लॅपटॉप. फरदीन मूळचा मिरजेचा, तंत्रनिकेतनात माझ्याच बाकावर होता. त्यानं पुरं केलं.

आज दुकान बंद होतं, तर वर येऊन विचारायला लागला, "ते बिल्ड-बिल्ड म्हंतोस, ते हाय काय रं?"

मी म्हटलं, "कोड म्हंजी ऊस. फोनला ऊस चालत न्हाई, गूळ लागतो. मधी जो घाणा, चुलवाण, कढई, सगळा खटाटोप, ते बिल्ड. आमचं गुऱ्हाळ जुनं झालंय. एकच बैल, एकच कढई. मी त्येचा कारखाना करणार."

"आन चेअरमन कोण?"

"मयूरी."

"मग गड्या, ऊस तूच हायेस."

हसत हसत खाली गेला. जिन्यावरून ओरडला, "चिपाड झाल्यावर सांग, जाळायला न्हेतो."

९ जुलै, बुधवार

पुष्करची जुनी स्क्रिप्ट वाचली. साडेनऊशे ओळी. चार तारांचे ध्वनी मुद्रित करून ठेवलेत : पंचम, जोडीच्या दोन, खर्ज. स्क्रिप्ट एकेका तारेला घेते, बारा स्वरांसाठी बारा वेळा ताणते, पुसते, घासते, मग पुढची तार. एका वेळी एकच. तीन तास चाळीस मिनिटं लागतात. एक तार संपेपर्यंत दुसरीनं हात बांधून बसायचं. लॅपटॉपच्या प्रोसेसरला चार डोकी असताना तीन डोकी झोपलेली!

मधेच पुष्करनं मराठीत शेरे मारून ठेवलेत. 'इथे घाई नको.' 'हे का चालतं माहीत नाही, पण चालतं.' माणूस गमतीशीर असणार.

मयूरीला एकदाच भेटलोय. डिसेंबरात, सातारा स्टँडवर, फलाट नऊच्या समोर. लॅपटॉप द्यायला आली होती. हिरवा स्वेटर. अकरा मिनिटं. मी विचारलं चहा घेणार का, ती म्हणाली आत्ता नको, पुढच्या वेळी. त्या 'पुढच्या वेळी'वर मी सात महिने काढलेत. माझ्या कोडवर ती शेरा मारते ना, 'ही ओळ कशासाठी?', तर ती ओळ काढून टाकायलाही जीव होत नाही, कारण मग शेराही जातो.

१४ जुलै, सोमवार

झालं! अकरा मिनिटं!! नवी हत्यारं, त्यात चारही तारा एकदम, चार डोक्यांवर चार. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. खाली जाऊन फरदीनला मिठी मारली, त्याच्या हातात ॲसिडची बाटली होती, शिव्या खाल्ल्या.

मयूरीनं ग्रुपवर लिहिलं, "नाथाजीनं कमाल केली." आणि मला वेगळं लिहिलं, "आता सर्व्हरचा पासवर्डही तुझ्याकडे ठेव. मला तुझ्यावर भरवसा आहे."

भरवसा. हा शब्द मी सात वेळा वाचला.

१७ जुलै, गुरुवार

तिला फोन केला, काम होतं थोडं. मागं लय गडबड ऐकू येत होती, भांड्यांची, बायकांची. ती म्हणाली, "आज केळवण आहे, जेवायला जायचंय. नंतर बोलू?" हिच्या नात्यात कुणाचं तरी लग्न दिसतंय. आषाढ-श्रावणात कुठलं लग्न? पण मुलगा परदेशातला असेल तर सुट्टी मिळेल तेव्हाच करतात. असं असणार.

कामाचं विचारायचं राहून गेलं.

२२ जुलै, मंगळवार

नवीन बांधणी आधी चाचणीवाल्यांना दिली होती. वीसेक जण आहेत. एकोणीस जणांनी 'छान', 'फास्ट' वगैरे लिहिलं. एक फोन आला. सांगलीच्या विनोदिनीबाई. गाणं शिकवतात. पुष्करनं मुळात त्यांचाच तंबोरा त्यांच्याच घरी मुद्रित केला होता, हे मला आज कळलं.

बाई म्हणाल्या, "सूर बरोबर आहेत. पण तंबोरा गेला त्यातला."

मी म्हटलं, "म्हणजे काय झालं नेमकं?"

"ते तुम्ही सांगायचं. मी फक्त एवढं सांगते, आठवडा झाला, मी गायले नाही."

चार वर्षांपूर्वी त्यांचा डावा हात गेला. वाऱ्याचा झटका. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळता येत नाहीत, मांडीवर धरता येत नाही. तेव्हापासून सकाळचा रियाज या ॲपवर. मी म्हटलं, जुनं टाकून देतो परत. तर फोन त्यांच्या भाच्यानं याच महिन्यात नवा घेऊन दिलाय, जुनं त्यावर चालतच नाही. म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

मी जुनं आणि नवं चारदा ऐकलं. कानाला हेडफोन, डोळे मिटून. मला काहीच फरक कळत नाही. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट असेल का? तसंच टिपणात लिहून टाकावं म्हटलं. मयूरीला कळवलं तर तिनं उत्तर दिलं, "त्यांना भेटून ये. माझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हणाली.

२६ जुलै, शनिवार. पलूस

आज मी सांगलीत असायला पाहिजे होतं, बाईंकडं, अकरा वाजता. मी पलूसमध्ये आहे.

झालं असं की कराडहून गाडीत बसलो. समोर एक माणूस, मांडीवर कापडात गुंडाळलेलं क्लॅरिनेट. बोलणं निघालं. म्हणाला आमच्या ब्रास बँडला यंदा नवी पोरं आलीत, आज तालीम आहे, ऐकायला चला. मी किर्लोस्करवाडीला त्याच्याबरोबर उतरलो. का उतरलो ते मला सांगता येणार नाही. तालीम झकास झाली. मी थोडा वेळ झांजसुद्धा वाजवली. मग त्यांच्यातल्या एकाच्या पोल्ट्रीचा थर्मोस्टॅट बिघडला होता, तो दुरुस्त करून दिला. मग जेवलो. मग फोन बघितला. बाईंचे तीन कॉल.

असाच मी सगळीकडनं उतरत आलोय.

२९ जुलै, मंगळवार. सांगली

नागपंचमी. बाईंनी पुरणाची दिंडं खायला घातली, आधी चांगलं झाडून झाल्यावर.

"शनिवारी अकराला चहा केला होता तुमच्यासाठी. थंड झाल्यावर मीच प्यायले."

"चुकलं बाई. मधी उतरलो."

"गाडी चुकली तर कळतं. उतरलात कशाला?"

बाई सत्तरीच्या, ताठ. डावा हात पदराखाली. कोपऱ्यात तंबोरा खोळीत उभा. मी फोनवर नवं ॲप लावलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, मग म्हणाल्या, "तंबोरा कधी हातात घेतलाय?"

"न्हाई."

"एक तार छेडायची. ती बोलत असते तोवर दुसरी. दुसरी बोलते ती पहिलीच्या अंगावर. तिसरी त्या दोघींच्या. असं फिरत राहतं, म्हणून तो गुंजतो, म्हणून गाणाऱ्याला टेकायला जागा मिळते. हे तुमचं ऐका. प्रत्येक तार आपल्या खोलीत दार लावून बसलीय. चारही तारा एकदम छेडतं का कोणी?"

ते शेवटचं वाक्य माझ्यात अडकलं. का ते लगेच कळलं नाही. परतीच्या गाडीत तासगाव फाट्याच्या आसपास कळलं. चारही तारा एकदम! ते मीच केलंय की. अकरा मिनिटांसाठी.

३१ जुलै, गुरुवार. कराड

सापडलं. ओळ सहाशे बारा. पुष्करनं प्रत्येक तार बनवून झाली की तिच्या शेवटाची घुमारी एका तुकड्यात काढून ठेवली होती. तुकड्याचं नाव 'उरलेलं'. पुढची तार बनवताना तो 'उरलेलं' उचलायचा आणि तिच्या खाली पातळसर मिसळायचा. कुठंही लिहिलेलं नाही की हिला तिची गरज आहे. एकामागून एक चालत होतं म्हणून तुकडा नेहमी जागेवर असायचा. मी चौघींना एकदम पळवलं, तर ज्या वेळी तुकडा मागितला त्या वेळी तो बनलेलाच नव्हता. आणि पुष्करनं सोय करून ठेवलेली : 'नसेल तर शांतता वापर.' म्हणून चूक दिसली नाही. सगळं हिरवं.

आता क्रम परत बांधला, नव्या पद्धतीनंच. पंचम झाल्यावर जोड, जोड झाल्यावर खर्ज, तेही लिहून. बाकीचं वेगानं. अकराची बावीस मिनिटं झाली, असू देत.

ऐकलं. आणि पहिल्यांदा मला फरक कळला. वाईट वाटलं. इतके दिवस बाई खरं बोलत होत्या आणि मी हट्ट म्हटलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

एक घोळ राहिलाय. दुसरी, तिसरी, चौथी तार गुंजतात. पहिली, पंचम, कोरडीच. कारण पहिलीच्या आधी शेवटची असते, खर्ज, ते चक्र आहे. पहिल्या फेरीसाठी पुष्करनं खर्जाची लांब घुमारी स्वतःच्या लॅपटॉपवर हातानं ठेवली होती, ती कोडच्या सगळ्यांच्या साठ्यात कधी टाकलीच नाही. साठ्यातला खर्ज आहे तो शेपूट कापलेला, चार सेकंदांत संपतो. आठ वर्षं ॲप एका माणसाच्या लॅपटॉपवरच नीट बांधलं जात होतं आणि कुणाला माहीत नव्हतं.

पुष्करला मेल केली. बाराव्यांदा.

आज साताऱ्याहून कुरिअर आलं. मयूरीचं! पेनड्राइव्ह, त्यात ॲपचा शिक्का. हा शिक्का मारल्याशिवाय दुकान ॲप घेत नाही, जगात एकच असतो, इतकी वर्षं तिच्या कपाटात होता. बरोबर कंदी पेढ्यांचा डबा. मी फोन करून विचारलं, पेढे कशाचे? ती म्हणाली, "असेच. घरी आले होते खूप." आणि मग, "नाथाजी, शिक्का जपून ठेव हं."

एवढी मोठी वस्तू माणूस कुणाला देतो? जवळच्यालाच.

फरदीन म्हणाला, "पेढं कसलं ते इचारलंस व्हय?" मी म्हटलं विचारलं की. तो माझ्याकडं बघत राहिला. मग दोन पेढे तोंडात टाकून खाली गेला, एकही टोमणा न मारता. बरं वाटत नसेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पुष्करचं उत्तर आलं! दोन ओळी. 'तो लॅपटॉप आता नाही, तुकड्याची प्रतही नाही. बाईंचा तंबोरा आहे ना? खर्ज परत घ्या, पूर्ण मरेपर्यंत घ्या, मधे कापू नका.'

बाईंना फोन केला. म्हणाल्या, तंबोरा आहे, पण मुका आहे. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेला जी जागा घासून द्यावी लागते, जवारी, ती दबून गेलीय. खर्ज फक्त 'ठप्प' करतो. जवारी काढणारे मिरजेचे रमजानभाई, ते चार वर्षांपूर्वी वारले. दुसऱ्या दोघांना दाखवला, त्यांचं काम बाईंना पसंत पडलं नाही.

फरदीनला सांगितलं तर म्हणतो, "रमजान म्हंजी माजा खालू, मावशीचा नवरा की रं! आन आत्ता सांगतोस?"

११ ऑगस्ट, सोमवार. मिरज

फरदीनच्या खालाकडं, मेहरुनबीकडं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत अजून तंबोऱ्याचे तीन भोपळे टांगलेत, धूळ बसलेले. आम्ही बसलो, ती स्वयंपाकाच्या खोलीत, दार उघडं.

"खाला, तुमच्याकडं कुणी हाय का जवारी काढणारं?"

"न्हाई बेटा. तो हात त्येंच्यासंगं गेला."

"शिकवलेलं कुणी?"

"पोरं फ्रीज दुरुस्तीत गेली. आता कोण बसतंय दोन-दोन दिस एका घोडीपाशी?"

मी तिला कळावं म्हणून फोनवर आमचं नवं ॲप लावलं. आतून तव्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "पयली तार उघडी हाय. खर्ज आखूड तोडलाय कुणीतरी." मग परत तवा.

मी चकितच झालो. जन्मभर नवऱ्याचं ऐकून ऐकून माणसाला एवढं पाठ होतं! चहा आणला तेव्हा बघितलं, उजव्या हाताच्या दोन बोटांवर बारीक बारीक रेघांचे घट्टे, चाकूनं कातरल्यासारखे. भाजी चिरून झाले असतील. मला लहानपणीची आमची आई आठवली, तिचे विळ्याचे असायचे, पण ते अंगठ्याला.

निघताना म्हटलं, "खाला, एकदा येऊन नुसतं बघा तरी."

"म्या काय बघू? गावाला त्येंचं नाव म्हाईत हाय. ऱ्हाऊ द्या त्येंचं नाव."



१५ ऑगस्ट, शुक्रवार. कराड

साठ्यात 'सांभाळणारे' नावाची एक फाइल आहे. त्यात एकच नाव होतं, मयूरीचं. काल तिनं लिहिलं, "त्यात तुझं नाव घाल." मी तिच्या नावाखाली माझं घातलं. दोन नावं, एकाखाली एक. अर्धा तास नुसतं बघत बसलो. लग्नाच्या पत्रिकेत पण अशीच येतात.

आज उघडली तर माझं एकट्याचंच. तिचं पुसलं गेलं होतं. दोघांनी एकदम फाइल बदलली की होतं असं कधी कधी. मी तिचं परत टाकलं आणि लिहिलं, 'चुकून गेलं होतं, पूर्ववत.'

संध्याकाळी तिनं परत काढलं. शेरा : 'असू दे, नाथाजी.'

मोठ्या मनाची आहे. मी एवढं केलं म्हणून श्रेय मला एकट्याला.

१९ ऑगस्ट, मंगळवार. सांगली

बाईंकडं गेलो, वेळेवर. कराड स्टँडवर विट्याच्या एस्टीत बसलेला एक गलाईवाला भेटला, कोइमतूरचा, ओळखीचा, चल म्हणाला विट्याला. नाही गेलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

तंबोरा खोळीतून काढला. मी खर्ज छेडला. ठप्प. पाटावर उलथनं पडल्यासारखं.

बाई म्हणाल्या, "सत्तावीसला गणपती बसतात. समोरच मंडळ आहे, त्यांच्या स्पीकरच्या भिंती सव्वीसपासून लागतील. मग दहा दिवस घरात कुजबुजसुद्धा ऐकू येणार नाही. करायचं तर सोमवारी."

म्हणजे पंचवीस. नंतर एकतीस उलटून जाणार.

त्यांनी तंबोऱ्यावरून उजवा हात फिरवला. "रमजानभाईंनी शेवटच्या दोन-तीन वर्षांत काढलेली जवारी सगळ्यांत गोड होती. डोळ्यांना काही दिसत नव्हतं हो त्यांना तेव्हा. मोतीबिंदू पिकलेला. तंबोरा न्यायला गेलं की बाहेर खुर्चीवर बसलेले असायचे. तरी काय काम!"

कमाल माणूस. न बघता एवढं बारीक. असे कारागीर गेले.

चहा पिताना बाईंनी सहज गुणगुणायला सुरुवात केली, तंबोऱ्याशिवाय. दोन ओळी झाल्या आणि थांबल्या. "टेकायला काही नाही," म्हणाल्या. मला माळ्यावरची संध्याकाळ आठवली, फोन हातात धरून मयूरीच्या नावापुढं 'लिहीत आहे' येतंय का बघत बसतो ती.

२३ ऑगस्ट, शनिवार. कराड

ठरवलं. जवारी मीच काढणार. तीन व्हिडिओ बघितले. घोडी घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, परत घासायचं. बाराशे नंबरचा पॉलिशपेपर आणला. एक छोटी कानस फरदीनच्या दुकानातली, बॅटरीची टोकं साफ करायची. बाईंना फोन करून विचारलं. त्यांनी दोनदा 'कोण घासणार?' विचारलं. मग म्हणाल्या, "घासा. नाहीतरी मुकाच आहे."

फरदीननं कानस बघितली. "ही? ॲसिडातली? हस्तिदंती घोडीवर?"

"हस्तिदंती हाय व्हय?"

"आरं देवा. खालूनं चाळीस वर्सांखाली बसवलेली घोडी हाय ती. तू तिच्यावर पॉलिशपेपर मारनार?"

"मग दुसरं कोण मारनार? सांग की."

तो तडक उठला. दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहून बराच वेळ फोनवर बोलत होता, हातवारे करत. गिऱ्हाईक उभं होतं तरी. मला वाटतं वडिलांशी भांडत असावा.

भीती वाटते. बिघडवलं तर परत करता येणार नाही. कोडमध्ये मागं जाता येतं, हस्तिदंतात येत नाही. पण कुणीच नाही केलं तर त्या बाई गाणार नाहीत आणि ॲप जाईल. आणि मी परत एकदा मधेच उतरलेला.

२४ ऑगस्ट, रविवार

मयूरीला लिहिलं : 'उद्या सांगलीत खर्ज मुद्रित करतोय. तू आलीस तर बरं होईल. तुझं ॲप आहे.' शेवटचं वाक्य दोनदा खोडून परत लिहिलं.

दुपारी उत्तर : 'उद्या सकाळीच मुंबईला निघायचंय आम्हाला. संध्याकाळचं विमान आहे. खूप इच्छा होती रे. नीट करशील, मला खात्री आहे.'

'आम्हाला' म्हणजे घरचे सगळे असणार, त्या परदेशातल्या पाहुण्याला पोचवायला. सांगली साताऱ्याहून खाली, मुंबई वर, उलट्या दिशांना. तरी सकाळी निघायच्या आधी... नाही जमणार. पण तिनं 'नाही' असा शब्द वापरलेला नाही. संदेश तीन वेळा तपासला. नाहीय.

शर्टाला इस्त्री केली.

२५ ऑगस्ट, सोमवार. सांगली

सव्वानऊ. बाईंच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. माइक लावलाय, लॅपटॉप उघडलाय. बाईंनी पंखा बंद केला, घड्याळाची बॅटरी काढून ठेवली, समोरच्या मंडपवाल्यांना विनंती करून दोन तास हातोडा थांबवलाय. तंबोरा सतरंजीवर आडवा. पॉलिशपेपर माझ्या शेजारी. अजून हात लावलेला नाही.

फाटकाकडं तोंड करून बसलोय. बाईंच्या ते लक्षात आलं. "कोणी यायचंय का?"

"न्हाई म्हंजी... साताऱ्याहून, जमलं तर."

बाई आत गेल्या. मघाशी त्यांनीच सहज सांगितलं की मयूरीचा परवा फोन आला होता, नमस्कार करायला, जर्मनीला चाललीय ना, लग्न होऊन. "तुम्हाला सांगितलंच असेल," म्हणाल्या. मी म्हटलं, हो, सांगितलंय.

पेढे. केळवण. शिक्का. 'असू दे, नाथाजी.' आता सगळं एका रांगेत दिसतंय. तिनं एकेक वस्तू माझ्या हातात दिली आणि मी तिचा हात बघत राहिलो. आत्ता ती पुण्याच्या आसपास असेल. फाटकाकडं बघायचं तरी सुटत नाही.

साडेनऊ. कागद हातात घेतला. घडी उलगडली. आता घासायलाच पाहिजे, मंडपवाले थांबणार नाहीत.

फाटक वाजलं. मी उठलो तशी वही मांडीवरून पडली. उचलून एवढंच लिहितो आणि आत पळतो, कारण मला आत बोलावतायत.

मेहरुनबी आलीय. एकटी. मिरजेहून शहर बसनं, काळा बुरखा, हातात कापडी पिशवी. चप्पल काढता काढता माझ्या हातातला कागद बघितला.

"घासला का?"

"न्हाई अजून."

"मग ते टाक तिकडं आन हात धुऊन लांब बस."

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी पाणी विचारलं. मेहरुनबीनं पिशवीतून बोटाएवढी कानस आणि रेशमी दोऱ्याची गुंडी काढली, सतरंजीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "पानी मागनं. आदी उजेडाची खिडकी कंची हाय, ती उघडा."